चार साक्षीदार

खेमानं पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि पाण्याची चिळकांडी खड्ड्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात मारली. तिथं निळी ताडपत्री पोट फुगवून वर आली होती. दोन विटा ठेवून झाल्या, एक दगड ठेवून झाला, तरी पठ्ठी ऐकायला तयार नाही. शेवटी तो धोतर खोचून स्वतःच आत उतरला आणि कोपरा पायानं दाबून उभा राहिला.

"भाभी, मोटर चालू ठेवा बरं!" त्यानं कुंपणापलीकडे हाक दिली.

"दस बजे लाइन जाती, खेमाभाई," गौसियाभाभी गोठ्यातून म्हणाली. "जित्ता भरना, उत्ता भर लेव."

खड्डा माणूसभर लांब होता आणि मांडीभर खोल. दोन दिवस तो एकटाच खणत होता. खणताना त्याच्या मनात नको ते आलं होतं. लांबी-रुंदी पाहून कुणाच्याही मनात आलंच असतं. पहिल्या दिवशी तर त्यानं कुदळ टाकून दिली, घराच्या मागं गेला आणि तोंडात उपरणं कोंबून रडला. मग परत येऊन खणायला लागला, कारण दिवस थोडे होते.

कडुलिंबाखाली बाजेवर त्याची बायको पद्माबाई पडली होती. पिशवीचा कॅन्सर. नांदेडच्या दवाखान्यानं महिन्यापूर्वी घरी पाठवताना सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, जे मागतील ते द्या. आता बाईमाणूस अशा वेळी काय मागेल? कुणी आंबा मागतं, कुणी माहेरचं माणूस मागतं. पद्माबाईनं बाप्तिस्मा मागितला.

तसं ते मागणं आजचं नव्हतं, अकरा वर्षांचं होतं. कनेरगाव नाक्यावर ढाब्यामागं पत्र्याचं शेड आहे, तिथं दर रविवारी मंडळी जमते. पद्माबाई दुखणाऱ्या पोटासाठी एकदा गेली आणि तिथलीच झाली. पास्टर रविंद्र शिकवायचे, की प्रभूनं माणसाला फार विधी लावून दिलेले नाहीत, दोनच. एक पाण्याचा आणि एक मेजाचा. आधी चार लोकांसमोर पाण्यात उतरायचं, सांगायचं की मी आता त्याची. मग मेजावरच्या भाकरीत आणि पेल्यात वाटा. पाण्याशिवाय मेज नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं ताट रांगेतून फिरायचं आणि पद्माबाई ते दोन्ही हातांनी घेऊन शेजारणीला द्यायची. उपासाच्या दिवशी पंगतीत वाढायला उभं राहावं, तशी. अकरा वर्षं असं ताट पुढं सरकवणं काय असतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि तिला अडवणारा दुसरा कुणी नव्हता, खेमाच होता. घर मातंगाचं. जातीच्या दाखल्यावर पोरीची, पुनमची फी माफ झाली, नर्सिंगचं शिक्षण झालं. आता सरकारी दवाखान्यात तिची निवड झाली होती, फक्त जात पडताळणीचा कागद यायचा राहिला होता. आई ख्रिस्ती झाली असं कुठं मंडळीच्या वहीत लिहिलं गेलं, तर दाखल्यावर बोट ठेवायला लोक टपलेलेच. दर साली खेमा म्हणायचा, "औंदा थांब, पद्मे. पोरीचं होऊ दे." आणि ती थांबायची. थांबत थांबत बाजेवर येऊन पडली.

मागच्या आठवड्यात तो स्वतः नाक्यावर गेला आणि पास्टरच्या पायाशी बसला. वहीत नाव लिहू नका, एवढंच त्याचं म्हणणं. मंडळीतला जगन तिथल्या तिथं उखडला. "वहीत न्हाई, तं मंग चोरून कशाला? वहीपायी माझ्या पोराचा दाखला गेला, ढाब्यावर ताटं धुऊन राहिला तो. मी बोंब मारली का?" पास्टरनी त्याला गप्प केलं. नाव पोरीचा कागद आल्यावर लिहू, म्हणाले, पण चार साक्षीदार पाहिजेतच, त्याशिवाय बाप्तिस्मा नसतो. पैनगंगेपर्यंत न्यायचं त्राण पद्माबाईत नव्हतं आणि उन्हाळ्यात पैनगंगेत तेवढं पाणीही नव्हतं. म्हणून हा खड्डा, ही ताडपत्री. आज चार वाजता चौघं येणार होते.

पण दहाला लाइट जायच्या आधीच दारात पांढरी जीप येऊन उभी राहिली.

"खेमा कोण?"

"मीच," खेमा खड्ड्यातून म्हणाला.

उतरले ते माणिकराव, जात पडताळणीच्या दक्षता पथकाचे साहेब. बरोबर एक कारकून. गावातून पंच म्हणून पोलीस पाटील विश्वंभर आणि किराणा दुकानवाला संतराम. साहेब माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून अंगणात आला, पाणी दिलं तर प्यायला. मग खुर्चीवर बसून म्हणाला, "घाबरू नका. घरी येऊन चौकशी करायचीच असते. त्यात तुमच्याबद्दल एक निनावी अर्ज आलाय. धर्म बदलला म्हणून."

ओल्या धोतरानं खेमा तसाच खाली बसला.

"कुळदैवत कोणतं?"

"लक्ष्मीआई. आन मरीआई."

"जावळ कुठं काढता?"

"लक्ष्मीआईच्या ओट्यावर. गावाच्या शिवंला."

"वाजवायचं काम घरात होतं का?"

खेमा उठला. आढ्याला टांगलेलं डफडं काढलं आणि कुणी सांगितलं नसताना वाजवायला लागला. हात ओले होते, कातडं सर्द झालेलं, आवाज बसका निघाला. तरी तो वाजवतच राहिला. साहेबांनी दोनदा हात वर केला तेव्हा कुठं थांबला. आपण डोंबाऱ्यासारखं का करून राहिलो, असं त्याला वाटलं. पण पोरीसाठी साहेबानं कोलांटी मार म्हटलं असतं, तर त्यानं तीही मारली असती.

साहेबांची नजर खड्ड्याकडे गेली. "हे काय?"

"म्हशीला," खेमा म्हणाला.

"म्हैस कुठंय?"

विश्वंभर पाटील दुसरीकडे पाहू लागला.

"हमारी है साब," कुंपणावरून गौसियाभाभी बोलली. "गर्मी में पानी में बैठना होता उसकू. हमारे कने जगा नै." आणि नशीब बघा, तिची म्हैस त्याच वेळेला गोठ्यात रेकली. कारकून हसला. साहेबही थोडे हसले. खेमाला वाटलं, टळलं.

टळलं नव्हतं. साहेब उठून बाजेपाशी गेले. आवाज खाली आणला.

"बाई, अर्ज तुमच्याच नावाचा आहे. दर रविवारी नाक्याला प्रार्थनेला जाता म्हणे."

"तिला बोलवत न्हाई, साहेब," खेमा मधे पडला. "तिची तकलीफ बघा जरा..."

"एकच विचारतो. तुम्ही येशूला मानता का?"

पद्माबाईनं मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर पुनम उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घेऊन. पुनम मान हलवत होती. नको माय, नको, एवढंच ओठांवर दिसत होतं. खेमानं डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला बायको नको होती, तिचा देव नको होता, फक्त तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. आणि तो हवा आहे, याची त्याला तिथंच किळस आली.

"न्हाई, साहेब," पद्माबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "नाक्याला दुखण्यापायी जायचे. तिथं लोक डोक्यावर हात ठेवत्यात, जरा बरं वाटतं. मानायचं म्हंजी लक्ष्मीआईलाच. दुसरं कुणी न्हाई आमचं."

एवढ्यावर थांबली असती तरी भागलं असतं. पण ती गायला लागली. लहानपणी आईच्या कडेवर ऐकलेलं लक्ष्मीआईचं गाणं, डोळे झाकून, श्वास पुरेना तरी. दुसऱ्या कडव्याला तिला धाप लागली.

"पुरे बाई, पुरे," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच तिच्या डोक्याखालची वाकळ नीट केली.

कारकुनानं लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. पंचांनी सह्या केल्या. पद्माबाईचा अंगठा खेमानं धरून शाईच्या डबीवर टेकवला. जाताना साहेब पुनमला म्हणाले, "रिपोर्ट चांगला जाईल. महिनाभरात कागद येईल बघ." पुनमनं हात जोडले आणि आत जाऊन भांड्यांच्या फळीला डोकं टेकवून उभी राहिली.

खेमाला मात्र हसू फुटत होतं. सुटलो! पोरीचं झालं, आता चार वाजता हिचंही होईल. दोन्ही थड्या हाती लागल्या. तो लगबगीनं बाजेपाशी आला.

"पद्मे, मोठं काम केलंस गं. आता पास्टर येतील. पाणी पुरं भरलंय."

लुगड्याच्या पदराला ती अंगठा पुसत होती.

चारला दोन फटफट्या आल्या. पास्टर रविंद्र आणि जगन एकीवर, मंडळीतले आणखी दोघं दुसरीवर. पांढरे सदरे घालून आले होते. जगनचं तोंड वाकडंच होतं, पण घडी केलेलं नवं पांढरं लुगडं त्यानंच आणलं होतं, आपल्या बायकोचं.

पास्टर बाजेपाशी टेकले. "पद्माबाई, तयार ना?"

"मला न्हाई घ्यायचं," ती म्हणाली.

खेमाला वाटलं, दुखण्याच्या भरात बोलतेय. "काय न्हाई घ्यायचं? अगं, पास्टर आलेत!"

"मला दिसून राहिलेत पास्टर." ती पास्टरकडे वळली. "तुमीच शिकवलं ना, बाप्तिस्मा म्हंजी चार लोकांत सांगणं? आज सकाळी चार लोकांत सांगून बसले मी. उलटं. लिहून घेतलं त्यांनी. मोठ्यानं वाचलं, अंगठा घेतला. आता त्याच दिवशी ह्या चौघांसमोर सुलटं सांगू? देवाला काय येडं समजायचं का?"

मग पुनमनंच सकाळचं सगळं सांगितलं, थांबत थांबत. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी मान हलवून राहिले होते, पास्टर. खोटं नको बोलू म्हणत होते. नोकरी गेली तर गेली."

"गप ए," पद्माबाई म्हणाली. "पोटची पोर म्हणून सांगते, पुन्हा असं बोलली तर पाणीसुद्धा घ्यायची न्हाई तुझ्या हातचं."

"प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानंही प्रभूला नाकारलं होतं," पास्टर म्हणाले. "एकदा न्हाई, तीनदा. त्याला टाकलं का प्रभूनं?"

"पेत्राला अंगठा कुणी मागितला न्हवता."

जगननं मधे काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण पद्माबाईकडे पाहून मिटलं.

खेमानं पास्टरचे पाय धरले. "ती न्हाई म्हणू द्या. तुमी उतरवा तिला. मी उचलतो. पाप मला लागू द्या, अकरा वर्षं मीच अडवलं तिला. मीच म्हणलो, औंदा थांब, औंदा थांब. तिचं काहीच न्हाई ह्याच्यात, पास्टर!"

"बळजबरीनं न्हाई देता येत, खेमाभाऊ. तिच्या तोंडून यायला पायजे."

"तिच्या तोंडून काय काय काढायचं!" खेमा ओरडला. दोन दिवसांचं खणणं, भाभीची मोटर, ती फुगणारी ताडपत्री, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्यानं खड्ड्याच्या काठावरची वीट लाथेनं उडवली, वाकून ताडपत्रीची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागला. पाणी काठावरून सांडून त्याच्या पायांखाली चिखल झाला.

"राहू द्या ते," पद्माबाई म्हणाली. "पाणी वाया काहून घालता? गौसियाभाभीची मोटर जळली असंल तेवढ्यासाठी." मग थोडं थांबून, "मला आंघोळ घाला. निसत्या ओल्या फडक्यानं किती दिवस पुसायचं? अंगाची आग होऊन राहिली."

खेमानं कड सोडली.

पास्टर उठले. बाकीचेही निघायला लागले. बाईमाणसाची आंघोळ, तिथं परक्यांचं काय काम. पण पद्माबाई म्हणाली, "जाऊ नका. ह्यांना एकट्याला उचलताना काही झालं, तर हाकेला माणूस पायजे. तिकडं तोंड करून उभं राहा, म्हंजी झालं."

चौघं कुंपणापाशी ओळीनं उभे राहिले, अंगणाकडे पाठ करून, तूर काढून मोकळ्या पडलेल्या रानाकडे तोंड करून. जगननं टोपी काढून हातात घेतली.

खेमा आधी उतरला. पुनमनं आईला बाजेवरून त्याच्या हातांत दिलं. पोतं उचलणारे हात ते, त्यांना काहीच वजन लागलं नाही. त्यानं तिला सावकाश पाण्यात घेतलं. दिवसभर उन्हात तापून पाणी कोमट झालं होतं. पद्माबाईनं "हां" केलं, उन्हातून आलेल्या माणसाला सावली भेटावी तसं. पुनम काठावर बसून तांब्यानं तिच्या खांद्यांवर पाणी घालू लागली, पाय चोळू लागली. पोटाकडे हात गेला की हळू.

"माय, केस भिजवू?"

"तांब्यानं न्हाई," पद्माबाई म्हणाली. "डोकं पुरं बुडवा."

खेमानं एक हात तिच्या पाठीखाली नेला आणि एक मानेखाली. कुंपणाकडून पास्टरचा आवाज यायला लागला. आजाऱ्याच्या घरून निघताना ते नेहमीच प्रार्थना करायचे, त्यात नवीन काही नव्हतं. शब्द खेमाला नीट ऐकू आले नाहीत. पास्टरचं तोंड रानाकडे होतं आणि वाराही तिकडंच वाहत होता. ऐकावं म्हणून त्यानं कान दिला नाही. विचारावं असंही त्याला वाटलं नाही.

त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. तिनं डोळे मिटले. मग पाण्यातून उजवा हात वर काढला आणि दोन बोटांत आपलं नाक गच्च धरलं.

घरच्या आंघोळीला कुणी नाक धरत नाही. पैनगंगेत बाप्तिस्म्याला पास्टरच्या हातावर आडवी होणारी माणसं धरतात. खेमानं ते काठावर उभं राहून कितीदा पाहिलं होतं, पान खात, लांबून, आपला काही संबंध नसल्यासारखं.

पुनमनं काठावरून वाकून त्याचं मनगट धरलं. ते नाक धरणं तिनंही पाहिलं होतं.

त्यानं पद्माबाईला खाली नेलं. पाणी तिच्या कपाळावरून गेलं, केस मोकळे पसरले, एक क्षण सगळं निळ्या ताडपत्रीवर स्थिर झालं. मग त्यानं तिला वर उचललं. ती धापा टाकत होती, तोंडावरून पाणी निथळत होतं आणि त्या पाण्यात काय काय मिसळलं होतं, ते खेमाला सांगता आलं नसतं. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

कुंपणापासचा आवाज थांबला होता. शेवटी जगनच बोलला, मान न वळवता.

"झाली का आंघोळ, खेमाभाऊ?"

खेमानं तिच्या तोंडावरचे ओले केस मागं सारले.

"झाली," तो म्हणाला.

"बरं," जगन म्हणाला. पण चौघांपैकी एकानंही मागं वळून पाहिलं नाही.